पितळी पट्टीवरचं गाव

भंगारवाला जॅकार्ड न्यायला आला
त्याच्या आधी मी दोन स्क्रू काढून घेतले.
पट्टी बोटाएवढी. चिंचेनं घासली
तेव्हा काजळीखालून एक गाव निघालं.

फ्रान्सच्या उत्तरेला, पद्मजानं फोनवर शोधलं.
म्हणाली, मामा, शेवटची तीन अक्षरं
नुसती लिहायची, म्हणायची नाहीत.
आम्ही साखर पेठेतले. घरात तेलुगू,
बाजारात मराठी, कानडीत शिव्या,
कुठंच अक्षर वाया घालवत नाही.
मी सगळं म्हणून पाहिलं, मोठ्यानं.

मग फोटो बघितले. विटांचा मनोरा,
गिरणीची चिमणी, खाली अरुंद काळी नदी.
चौकात दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं,
एकच आडनाव पाच वेळा.
चार वर्षं गावात परकं लष्कर होतं.
त्यांनी मनोऱ्यातली घंटा उतरवली,
मागांचं तांबं-पितळ नेलं
आणि सगळी घड्याळं तासभर पुढं केली.
एखाद्या म्हातारीनं जुनी वेळ
चादरींच्या घडीत लपवली असणार.
हे पद्मजानं वाचलेलं नाही. हे माझं.

कारण आमच्याकडं मार्शल लॉ लागला
तेव्हा डोक्यावरची पांढरी टोपीसुद्धा गुन्हा होती.
आजोबांनी ती मागाच्या खड्ड्यात ठेवली
आणि विणत राहिले,
पावडी दाबताना टाच टोपीला लागू नये म्हणून
जरा वाकडे बसून.
ते वाकडेपण पुढं गेलं नाही.

तुमची घंटा, आमचा भोंगा.
भोंगा बंद झाला तेव्हा कुणी लष्कर आलं नव्हतं.
फाटकावर एक कागद लागला, एवढंच.
वडील तरी पहाटे उठायचे,
चूळ भरून ओट्यावर बसायचे
आणि परत आत यायचे.

राजय्या येमूल, पत्ते ठोकणारे.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
याच्यापलीकडं ते फारसं बोलले नाहीत.
एकदा त्यांनी चादरीवर भुईकोट उतरवला,
बुरूज, खंदक, शेजारचं तळं, सगळं.
पत्त्यांची एक माळ उलटी ओवली गेली
आणि किल्ला पाण्यात डोक्यावर उभा राहिला.
गिऱ्हाइकानं नाकारली.
अजून मी तीच पांघरतो. सकाळी तळ्यावर जाऊन बघा,
वारा नसेल तर किल्ला तसाच दिसतो.

जॅकार्ड किलोवर गेलं. आठ हजार काहीतरी आले.
पट्टी मी दाराला ठोकली, बेलच्या खाली.
नवा पोस्टमन विचारतो,
इथं हे कोण राहतं?
मी सांगतो,
शेवटच्या तीन अक्षरांसकट.