टेप आउट

नेल्सन गावात आमच्या गल्लीतली घरं
खांद्याला खांदा लावून चढावर उभी.
मधली भिंत एकेरी विटेची.
तिच्यातून मला विल्फ एंटव्हिसलची किटली ऐकू येते,
त्याचा खोकला, त्याचं टीव्हीशी भांडण.
त्याला माझं काही ऐकू जात नाही.

एकवीस वर्षं मागावर.
एका छपराखाली दोनशे धोटे, कानात कापसाचा बोळा,
आणि बोलणं सगळं ओठांचं.
मला हे समजावून सांगावं लागत नाही. मी इचलकरंजीची.
आमच्याकडेही माणसं घरात ओरडूनच बोलतात,
भांडण नसतं, माग असतो.

फेब्रुवारीत सरकारी दवाखान्याने त्याला नवी श्रवणयंत्रं दिली,
बिनतारी, आणि गळ्यात घालायला एक चपटी डबी,
ताईत असावा तशी.
दुसऱ्या दिवशी माझ्या दारात:
‘तू हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करतेस ना?
मग डोरीनच्या मशिनातून या कानात
आवाज येईल का? पण एकही वायर कापायची नाही.’

डोरीनचं मशिन म्हणजे चौऱ्याहत्तर सालचा अॅम्प्लिफायर,
अक्रोडाच्या लाकडाचा, हप्त्यावर घेतलेला.
उचलायला दोघं लागलो.
मागे तोंड वासून पाच-पिनी सॉकेट,
ज्याची जोडीदारीण वायर आता कुठे मिळत नाही.
मिळाली. कोल्नच्या शनिवारच्या बाजारात,
गंजलेल्या कात्र्यांच्या टोपल्यात, तीन पौंडांना.
लाल आणि पांढरी टोकं,
पुढे काडेपेटीएवढा ट्रान्समीटर.

प्लग काही बसेना.
मी पुटपुटले, ‘बस की रे, मेल्या.’
विल्फ माझे ओठ वाचत होता.
‘मेल्या कोण?’ म्हणाला. ‘कंपनीचं नाव?’
मी म्हटलं, हो.

निळा दिवा लुकलुकत राहिला.
एक पन्नास वर्षांचा, एक आठवड्याचा,
एकमेकांना शोधतायत की नुसतेच बघतायत, कळेना.
मग एकदम स्थिर.
आणि विल्फने दोन्ही हात कानांवर दाबले: गुंऽऽऽ.
अर्थिंगची वायर सुटली होती.
ती स्क्रूखाली गुंडाळली आणि गुणगुण गेली,
दुपारी वीज जाते आणि अख्खी पेठ गप्प होते, तशी.

आवाजाच्या बटणापाशी नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, कोरलसारखा रंग.
रात्री नऊनंतर इथवरच, हा डोरीनचा कायदा.
मी सांगितलं, विल्फ, हे बटण आता फिरवून काही होत नाही,
टेप आउटमधून आवाज बटणाच्या आधीच बाहेर पडतो.
त्याने मान डोलावली,
आणि बटण ठिपक्यावर आणून ठेवलं.

तबकडी लावली. पितळी वाद्यांचा बँड,
तिसऱ्या रांगेत डोरीन कॉर्नेट वाजवतेय,
म्हणजे कव्हरवर; कानांनी ओळखणं कठीण.
स्पीकर बंद.
खोलीत मला फक्त सुई ऐकू येत होती,
सुईचं स्वतःचं बोलणं, चिलटाएवढं,
पण त्यात सगळे सूर होते, हलक्या हाताने लिहिल्यासारखे.
विल्फचा पाय ताल धरत होता, किंचित उशिरा.
हवेतून जायला आवाजाला वेळ लागतो,
सेकंदाचा पाचवा हिस्सा वगैरे.
सुई पुढे, विल्फ मागे.

‘फार मोठा आहे का?’ त्याने ओरडून विचारलं. ‘तुला त्रास?’
मी नुसते ओठ हलवले: नाही.
मराठीतच. त्याला कळलं.

आता रात्री भिंतीपलीकडून संगीत येत नाही.
कान लावला तर पावलाचा ठोका येतो,
थांबतो,
मग किटली.
काल मध्येच जोरात हाक आली,
बॅटरी संपली होती, आणि शिवी कोणाला घातली
ते मला नीट ऐकू आलं.
मेल्याला.