वीतभर पत्रा

हिद्दच्या सुक्या गोदीत आमची बस
पावणेसातला फाटकातून आत वळते,
तेव्हा मुंबईत सव्वानऊ. बाजार उघडतो.
फोन फाटकावर जमा करायचे,
टँकरजवळ ठिणगी नको.
मला भाव कळतो तो संध्याकाळचा, मिटलेला.

वेंगुर्ल्याहून हेमलताने विचारलं होतं,
शेअर म्हणजे नक्की घेतलंत काय?
म्हटलं, रापण आठव.
होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा,
आणि मासळी लागली नाही तर
सगळ्यांच्या वाट्याला ओली वाळू.
आणि जाळ्याला पैसे देणारा?
तो वाळूत उतरत नाही. तो वर माडाखाली,
लागो न लागो, ठरलेलं मोजून घेतो.
त्याच्या कागदाला बाँड म्हणतात.
मग तुम्ही माडाखाली का नाही बसलात, ती म्हणाली.
फोनवर बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

मार्चमध्ये नीलधारा आली.
पाणी उपसलं, ती ठोकळ्यांवर बसली,
पोटाला शिंपले, शेवाळ, पाच वर्षांचा गंज.
मी खाली उभा, हातात गंज उडवायची बंदूक,
आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणालो,
हिच्या कंपनीचे दीडशे शेअर माझे आहेत.
कोणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

रंगाच्या स्टोअरमध्ये इब्राहिम मुकादम, हर्णैचा.
त्याने प्रायमरच्या झाकणावर हिशेब मांडला.
एकूण शेअर चार कोटी साठ लाख,
एकूण पत्रा इतका. भागिले.
"एक वीत लांब, एक वीत रुंद. एवढी तुझी.
त्यातली अर्धी कर्जरोखेवाल्यांची, त्यांचं आधी.
पण बुडालास तर वीतभरच बुडशील, कुबल.
वेंगुर्ल्याच्या घरावर कोणी येणार नाही."
तो स्वतः व्याजाला शिवत नाही.
त्याच्याकडे सुकूक आहेत,
मनामातल्या एका इमारतीच्या भाड्यातला वाटा.
इमारत त्याने पाहिलेली नाही.
तिथली लिफ्ट बंद पडली असेल, या शंकेने
त्याला कधी कधी रात्री जाग येते.

सर्व्हेअरने पत्र्याला नाडी बघितल्यासारखं यंत्र लावलं,
जिथे पातळ, तिथे खडूचं वर्तुळ.
सव्वीस वर्तुळं.
दुपारी फोरमन सांगत आला,
खर्च आवरायचाय, मालकाने एक थर कमी सांगितलाय.
मालक.
सगळ्यांनी मालकाला शिवी हासडली, आपापल्या भाषेत.
मीही हासडली. मग थांबलो.
थर वाचला की नफा, नफा वाढला की भाव,
भाव वाढला की धाकट्याची फी.

मुकादम म्हणाला, वर्तुळं तुला आधी दिसली.
बाजाराला दिसायच्या आत विकणार?
विचारताना तो झाकण पुसत होता,
पुसून झालेलं झाकण.
मी विचारलं, लाल किती उरलाय?
डब्याच्या तळाशी होता, साय धरलेला.

शेवटच्या पाळीला, डाव्या कुशीत,
सुकाणूच्या जरा पुढे, जिथे पाणी कधी हटत नाही,
हाताने वीत मोजली, आडवी, मग उभी.
तेवढ्यावर तो राहिलेला थर दिला.
लालवर लाल. दोन पावलं मागे आलो
तर मलाच सापडेना.

पाणी सोडलं.
आधी माझा चौकोन बुडाला,
मग बाकीचे भागीदार, सावकाश, वरवर.

फाटकावर फोन परत मिळाला.
बोटाला रंग, तो मला ओळखेना.
थिनरचा बोळा फिरवला, पुन्हा टेकवलं बोट.
बंद भाव दोनशे आठ.
साडेतीन वर.