साबणाची रेघ

बाबांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असायचं,
फुटक्या स्पीकरमधून काढलेलं.
गाडी आली की आधी ते पत्र्याला लावायचे.
चिकटलं तर लोखंड, घसरलं तर पुटीन.
कुर्ल्याच्या आमच्या गल्लीत चाळीस वर्षं
खऱ्याखोट्याची एवढी एकच कसोटी पुरली.

मग टोचन लावून आली ती पांढरी गाडी,
बॉनेटवर परातीएवढा पोचा.
चुंबक टेकवलं, सुटून पडलं.
दुसरीकडे टेकवलं. पडलं.
युनूस पेंटर हसला, सगळं पुटीनच आहे म्हणाला.
बाबांनी नखाने टिचकी मारली
आणि आवाज ओळखीचा निघाला,
गॅरेजमधला नव्हे, मोरीतला.
‘जर्मन,’ ते म्हणाले.

मी जिला सहा हजारांच्या मालिकेतली मिश्रधातू म्हणते,
तिला आमच्या घरी अजून जर्मनच म्हणतात.
भाताचं पातेलं जर्मनचं,
कणकवलीहून आलेला पिठाचा डबा जर्मनचा.
उचलायला हलकं, लोकांना द्यायला हलकं.

बाबांनी गॅस पेटवला.
लोखंड तापताना बोलतं:
आधी पिवळं, मग जांभळं, निळं,
मग लाल होऊन सांगतं, आता मार.
हे काही बोललं नाही.
होतं तसं पांढरं राहिलं
आणि एकाएकी मधूनच गळून गेलं.
बाबा त्या भोकातून इंजिनाकडे बघत राहिले.
‘ह्येका लाज नाय गो,’ म्हणाले,
‘तापला तरी लाल होणा नाय.’

त्या बॉनेटचे पैसे आम्ही तीन हप्त्यांत फेडले.
ते अजून भिंतीला टांगलेलं आहे.

रविवारी मी मोरीतून धुण्याची वडी नेली,
त्याच बॉनेटच्या कडेला एक रेघ ओढली.
म्हटलं, ही तपकिरी होईल तेव्हा गॅस काढा.
पुस्तकात वाचलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं.
रेघ तपकिरी झाली.
बाबांनी लाकडी हातोडा उचलला,
पत्रा मऊ झाला होता, झोपलेल्या मांजरासारखा.
तेव्हापासून ह्या धातूचं सोवळं सुरू झालं:
हातोडी वेगळी, कानस वेगळी, फडकंसुद्धा वेगळं,
लोखंडाचा कण लागला की म्हणे विटाळ होतो, गंज फुटतो.
‘आमच्या आजीसारख्याच नखरे,’ बाबा म्हणाले.

मी विक्रोळीत सातव्या मजल्यावर बसते.
पडद्यावर दरवाजे वाकवते.
हा पत्रा दाबला की मागे उसळतो,
म्हणून हवं त्याहून दोन अंश जास्त मागावं लागतं,
पगारवाढीसारखं.
मागच्या महिन्यात एका गाडीतून चौदा किलो काढले,
साहेबांनी समोसे मागवले.
बाबांना सांगितलं, तर बराच वेळ हिशेब करून म्हणाले,
‘चौदा किलो म्हणजे
तू बालवाडीत गेलंस तेव्हाचा वजन.’

मग मी त्यांना फोनवर टकरीचा व्हिडिओ दाखवला.
गाडी भिंतीवर येते, आवाज बंद,
पुढचा भाग चुण्या घालत आत जातो
आणि बरोबर तिथे थांबतो जिथे मी सांगितलं होतं.
त्या चुण्या मी आखल्या आहेत.
बाबांनी जन्मभर ज्या उलगडल्या,
त्या मी मुद्दाम पाडते.

‘आणि मगे? सरळ कशी करतलास?’
‘करायची नाही. पुढचा भाग अख्खा बदलायचा.
जुना वितळवायचा.’
ते गप्प.
पुन्हा व्हिडिओ लावायला सांगितला.
बोट गाडीवर नव्हतं, आतल्या बाहुल्यावर होतं.
‘ह्येचे गुडघे वाचले?’
‘वाचले.’
‘बरा झाला.’

संध्याकाळी शटर ओढण्याआधी
ते भिंतीवरच्या बॉनेटपाशी गेले,
डोळे मिटून तळवा फिरवला,
पोचा बोटांनी शोधतात तसा,
भोकाच्या काठाशी थोडे थांबले.
खिशातलं चुंबक तेवढ्यात
शटरच्या कुलपाकडे ओढ घेत होतं.

घरी आई ओरडत होती,
वडीला कुणी काळं लावलं म्हणून.