पाच किलो

कार्डावर आम्ही पाच.
घरात चार.

दर माणशी तीन किलो तांदूळ, दोन किलो गहू,
आणि माणूस म्हणजे ज्याचं नाव कार्डावर आहे तो.
द्वारका किसन ओव्हाळ, वय एकाहत्तर,
माघात ससूनला गेल्या त्या परत आल्या नाहीत,
पण धान्य अजून उचलतात.

मी उचलते. पिशवी त्यांचीच,
जांभळी, एक बंद सुतळीचा.

दुकानात माझा अंगठा लागत नाही.
सहकारनगरात चार घरची भांडी,
त्यातल्या एका घरी लोखंडी कढया, रोज करपलेल्या.
अंगठ्यावरच्या रेषा त्यांच्याच मोरीतून वाहून गेल्या.
"पुसा, परत लावा," ललवाणीशेठ म्हणतात.
पदराला पुसते, केसांवरून फिरवते,
मशीन ऐकत नाही.
मग सुमेधला शाळेतून बोलवायचं.
त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात घेतं.
कोवळा आहे. अजून काही घासलेलं नाही त्यानं.

तांदळाचं काय करायचं ते तांदूळ बघून ठरतं.
तुकडा जास्त असला तर दळायला,
बरा निघाला तर भात.
गव्हातले खडे संघमित्रा निवडते
आणि ताटलीच्या काठावर ओळीनं मांडते.
एकदा विचारलं तिनं,
आई, खडे पण किलोत धरतात का गं?

डाळ कार्डावर नाही.
तेल नाही. तेलाचं पाकीट दहाचं,
ते कोपऱ्यातून कापायचं, कात्री बारीक लावायची.
ह्यांचं रंगाचं काम दिवाळीपर्यंत,
पुढे कुणी भिंतीकडे बघत नाही.
मार्केट यार्डात गाळे बंद होताना
फ्लॉवरचे देठ मिळतात, मुळ्याचा पाला मिळतो.
देठाच्या शिरा काढून, लसूण-तिखटावर परतले
तर पोरं विचारत नाहीत, फूल कुठाय.
कामावरचं शिळं आणते मी, पण येता येता पातेलं बदलते.
डबा ओळखू आला तर सुमेध जेवत नाही.
रविवार जड जातो. शाळा नाही, खिचडी नाही.

चोवीस तारखेला डबा वाजायला लागतो.
तिथून पुढचे दिवस आत्याबाईंचे.
त्यांचे तीन किलो, त्यांचे दोन किलो,
चार पानांवर वाढलेले.
जिवंतपणी एवढं कधीच जेवल्या नाहीत.
अर्धी भाकर झाली की ताट सारायच्या,
"मला नको, पोटात गॅस धरतोय."

परवा शेठनी सांगितलं, केवायसी आलीय,
कार्डावरच्या सगळ्यांचा अंगठा, तीस तारखेच्या आत.
"म्हातारीला घेऊन या."
गावाला गेल्यात, म्हणाले.
कुठल्या गावाला, ते त्यांनी विचारलं नाही.
मागे रांग होती.
किंवा ठाऊक असेल त्यांना. जनता वसाहतीत
कोण गेलं हे दुकानाला आधी कळतं.

मृत्यूचा दाखला मी तांदळाच्या डब्यात ठेवलाय,
तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.
पत्र्याच्या घरात तेवढीच जागा
जिथं उंदीर जात नाही.
महिन्यातून एकदा वर येतो,
मग नवा तांदूळ ओतला की पुन्हा खाली.

आज एकोणतीस.
संध्याकाळी माप भरताना बोटांना प्लॅस्टिक लागलं,
कुरकुरलं.
घेतलेल्या मापातल्या दोन मुठी मी परत डब्यात टाकल्या,
पसरल्या, तो झाकला जाईपर्यंत.

भात चौघांना पुरला नसता.
मी वाढायला घेतला, ह्यांना, सुमेधला,
तेवढ्यात संघमित्रेनं ताट मागे सरकवलं.
म्हणाली, मला नको,
पोटात गॅस धरतोय.