उरलेली एक

ग्रोटी बकी म्हणतात तिला ऑर्कनीत.
करंगळीच्या नखाएवढी कवडी,
गुलाबीसर, पाठीवर बारीक चुण्या
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारख्या.
ओहोटीच्या रेषेत, कुजक्या शेवाळाच्या वासात
गुडघे टेकल्याशिवाय सापडत नाही.
सापडली की पाकिटात ठेवायची,
मग पाकीट कधी रिकामं राहत नाही म्हणतात.
राहतं. पण म्हणतात.

थोरा आणि इन्गा ड्रेव्हर
सख्ख्या बहिणी, सत्तरीच्या पुढच्या.
आई गेली तेव्हा तिच्या खिडकीत
जॅमची बरणी होती, गळ्यापर्यंत भरलेली.
शेत वकिलाने वाटलं, मेंढ्या शेजाऱ्याने मोजल्या,
होडी तर आधीच सडली होती.
बरणी दोघींनी टेबलावर पालथी केली
आणि बसल्या: एक तुला, एक मला,
दिवा लावायची वेळ होईपर्यंत.
शेवटी एक उरली.

आपण म्हणतो कवडीमोल, म्हणतो फुटकी कवडी.
ही तर फुटकीही नव्हती.
थोरा म्हणाली, मी थोरली.
इन्गा म्हणाली, आजारपण मी काढलं.
पुढे जे बोलणं झालं ते कवडीबद्दल नव्हतं
आणि त्याच्यापुढे अकरा वर्षं झालंच नाही.

किनारा मात्र एकच. ओहोटीही एकच.
एक पूर्वेकडून वाकत येते, एक पश्चिमेकडून,
मधल्या काळ्या खडकापाशी
दोघी पाठ फिरवतात.

मार्चमध्ये एकदा पाणी इतकं मागे गेलं
की कधी न पाहिलेले दगड उघडे पडले.
थोराने एका खळग्यातलं शेवाळ बाजूला केलं
आणि तिथे ती होती. चालत.
आपलंच अंग शालीसारखं पाठीवर ओढून घेतलेलं,
पिवळं, तपकिरी ठिपक्यांचं,
पुढे एक इवलीशी नळी, पाणी हुंगणारी.
सत्तर वर्षं वेचल्या होत्या थोराने
आणि एकदाही मनात आलं नव्हतं
की आत कोणी असतं.
की बरणीतली प्रत्येक
कोणाची तरी राहून झालेली.

"इन्गा!"
नाव वापरात नव्हतं, घशात थोडं अडकलं.

इन्गा आली, धापा टाकत, काळ्या खडकाला वळसा घालून,
बुटात पाणी. वाकली. चष्मा पुसला.
पुन्हा वाकली.
"गोगलगाय आहे," म्हणाली.
"गोगलगायच," थोरा म्हणाली.

दोघींची सावली पडली तशी तिने शाल मिटली,
दोन्ही बाजूंनी, घाई न करता,
आणि खाली तीच गुलाबी पाठ, त्याच चुण्या.
हात कोणीच लावला नाही.

पाणी परत फिरलं होतं.
थोराच्या कोटाच्या खिशात
अकरा वर्षांची ती उरलेली एक.
ती अंगठ्याने चाचपत राहिली.
इन्गाने ते पाहिलं. विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच,
तुझ्या किटलीला भोक पडलंय म्हणे,
पोस्टवाला सांगत होता.