उघाडी

रात्री अकरा दहा. वारा ताशी एकशे पंधरा,
असं रेडिओ सांगतो. माझ्या वहीत वाऱ्याचा रकाना नाही.
धारण तलाव, पातळी : दोन मीटर चाळीस.
पंप एक चालू. पंप दोन, नेहमीप्रमाणे, दुरुस्तीला.

समोरच्या टॉवरच्या काचा सुटताहेत
मजल्यामागून मजला,
जिताड्याची खवलं काढावीत तशा.

झडपेचं काम सोपं :
ओहोटीला उघडायचं, भरतीला पाण्याच्याच दाबानं मिटायचं.
बाप हिला उघारी म्हणायचा. ड त्याच्या तोंडी र व्हायचा.
त्याची लाकडी होती, इथंच कुठेतरी,
आता जिथे सेक्टरला नंबर आहे.
जमीन गेली. बदल्यात मला ही किल्ली,
आणि एक रेनकोट, दोन मापं मोठा.

बारा वीस. झडप मिटत नाही.
बॅटरी मारली : तिवराचं अख्खं खोड जबड्यात आडवं,
त्याला गुंतलेलं कुणाचं जाळं,
एका फ्रिजचं दार, आत अंड्यांचे खळगे.
कंट्रोल रूमचा फोन लागला.
नाव सांगा.
हसुराम पदू मढवी.
सेक्टर सांगा.
मग नुसता वारा, त्यांच्या बाजूचाही.

बाप अशा वेळी पेंढा कोंबायचा, वर चिखल,
आणि त्यावर स्वतः पाठ लावून बसायचा.
पेंढा कुठून आणू?
कुंपणावर वाढदिवसाचा फ्लेक्स होता, चाळीस फुटी.
फाडला, गुंडाळला, भाऊंचं हसू आतल्या बाजूला,
आणि दाबला फटीत. मी आणि देविदास,
छातीभर पाण्यात, कमरेला दोघांत एक दोर.
अर्धी फट बुजली.
अर्धीतून खाडी आली.

तीन पन्नास. मोजपट्टी बुडाल्यामुळे
पातळी वाचता आली नाही.

सकाळी तळघरातून तेजबहादूरला वर आणलं.
एकशे सहा गाड्या, आणि तो,
शिट्टी दोरीसकट गळ्यात.
वरून कुणीतरी फोन केला होता म्हणे,
गाडी तेवढी बाहेर काढ.

दिवाळ्याच्या बाया होड्या शोधत मॉलमध्ये शिरल्या.
एक सापडली, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी,
नाव शाबूत, इंजिन नाही.
जनाबाईनं तिच्यातला गाळ ओंजळीनं उपसायला घेतला,
तिथंच, दिव्यांच्या दुकानासमोर.

चौकशी येईल. कारणाचा रकाना बोटभर.
देविदास म्हणतो, तांत्रिक बिघाड लिही, सगळे तेच लिहितात.
मी लिहितो : उघारी अर्धी उघडी राहिली.
पान ओलं, शाई पसरते,
अर्धी हा शब्द तेवढा वाचता येतो.

बाहेर ओहोटी लागलीय.
जाणाऱ्या पाण्याला झडप अडवत नाही.