शिंक, आणि मग विंडो

टॅब्लेट एकतीस, मुलं चौऱ्याण्णव.
एका काचेवर तीन डोकी,
तिसरं नेहमी समोरून वाकलेलं,
म्हणून एस्नातला घोडा
पाय वर केलेलाच ठाऊक आहे.

सकाळी पत्र्यावर चढून
चितेंजेच्या टोकानं मी सोलरच्या पाट्या पुसते.
सरोवरावर चिलटांचे खांब उभे असतात, करडे,
आभाळापर्यंत.
परवा ॲपनं धुराचं चित्र दाखवलं
तर अख्खा वर्ग ओरडला, चिलटं!
ॲपनं लाल फुली मारली.
मी काय बोलणार?
आमच्याकडे या धुराच्या वड्या थापून खातात.

पहिला आवाज कुठल्याशा थंड गावच्या बाईचा होता,
नाकातला.
मुलं तिची नक्कल करायची, शब्द तिथंच राहायचे.
मग एक गोल बटण सापडलं: तुमचा आवाज भरा.
यान्खोला बसवलं शिक्षकांच्या खोलीत,
कारण त्याचं अक्षर चांगलं होतं.
अक्षराचा आवाजाशी काय संबंध,
हे तेव्हा सुचलं नाही.

चाळीस शब्द भरले त्यानं.
सोळाव्यात बकरी ओरडते.
विंडोच्या आधी तो शिंकतो.
आणि रिव्हरला म्हणतो लिव्हर,
कारण आमच्या जिभेवर र आणि ल
एकाच चटईवर झोपतात,
कोण कुठल्या कुशीवर, पहाटेपर्यंत कळत नाही.

आता तिसरीची पोरं
आधी शिंकतात, मग म्हणतात विंडो.
त्यांना वाटतं, शब्दच तेवढा आहे.

जिल्ह्याहून काम्वेन्डोसाहेब आले.
खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?
चौऱ्याण्णव शिंका.
साहेबांनी रुमाल काढला, मग वही काढली:
उच्चार सदोष. आवाज नव्याने भरावा.
मी मान डोलावली. खरंच होतं ते.

यान्खो मामाबरोबर दक्षिणेकडे गेला,
ट्रकमधून, खाणीत काम आहे म्हणून.
दोन वर्षं झाली.
यान्खो म्हणजे आमच्या भाषेत उत्तर.
त्याच्या आईला मेलियाला हे कुणी ऐकवत नाही,
तिनंच एकदा स्वतःला ऐकवलं, माझ्यासमोर.

ती शुक्रवारी येते,
टॅब्लेट चार्जिंगला असतात तेव्हा.
उसिपा वाळत घालून, हात दोनदा धुऊन,
तरी काचेवर एखादा खवला राहतोच.
चित्र दाबते. ऐकते. पुढचं दाबते.
शिंकेला थांबते.
"तेव्हा सर्दी होती त्याला," म्हणते,
"मी ऐकलंच नाही."
बकरी कुणाची, तेही तिनं ओळखलंय.

काल वर्ग रिकामा झाल्यावर बटण दाबलं.
पाटीवर अक्षरं आली:
जुना आवाज पुसला जाईल. चालेल?
खाली दोन चौकोन, एक हिरवा, एक पांढरा.
बॅटरी अकरा टक्के.
मी घसा खाकरला. रिव्हर, म्हटलं मनात, स्वच्छ,
कॉलेजात शिकवलं होतं तसं.
मग जिल्ह्याला पत्र लिहिलं:
बटण चालत नाही. तंत्रज्ञ पाठवावा.
तंत्रज्ञ येत नसतात, हे दोघांनाही माहीत आहे.

आज पहाटे नदीनं पूल ओलांडला.
मासळी न्यायला आलेला ट्रकवाला
केनियाचा, चिचेवा येत नाही,
इंजिन सुरू करून बसला होता.
बायका हातवारे करत होत्या,
तो हसून मान हलवत होता, पैशांचं चाललंय समजून.
तेव्हा मेलिया पुढे झाली.
शाळेचं तोंड न पाहिलेली बाई,
दारावर थाप मारून म्हणाली,
"बिग लिव्हर. नो गो. बिग लिव्हर."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं,
एकदा रस्त्याकडे,
आणि इंजिन बंद केलं.